खतसाहेब

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचं मुख्य पीक भात. त्याखालोखाल भेंडी, काकडी, वांगी. गेल्या काही वर्षांत मात्र आणखी एक पीक इथं जोमानं वाढू लागलंय. ते पेरावं लागत नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या, फार तर साठाव्या वर्षी ते डोंबिवली, ठाणे, मुलुंड इथून मुळासकट उपटलं जातं, कसारा लोकलनं येतं, आसनगावला उतरतं आणि पहिल्या पावसात रुजतं.

शेतकरी दाखला नसल्यामुळे या गृहस्थांना शेतजमीन घेता येत नाही. मग ते पाच गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेतात आणि ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यावर शेती सुरू करतात. प्लॉटच्या जाहिरातीत समृद्धी महामार्ग, मुरबाडला येऊ घातलेली रेल्वे आणि माहुलीचा डोंगर अशा तीन गोष्टी दाखवलेल्या असतात. महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 2025च्या जूनमध्ये खुला झाला. रेल्वे अजून येतेच आहे. डोंगर आधीपासून होता, पण त्याचे पैसे ‘व्ह्यू’ म्हणून वेगळे लावतात.

असे गृहस्थ किन्हवली, सरळगाव, डोळखांब, टोकावडे, कुठंही भेटतील. इथं सांगतोय ते त्यातल्या एका नमुन्याबद्दल. ओळख पटली म्हणून कुणी रागावू नये, कारण ती अनेकांची पटणार आहे. गावानं त्यांचं नाव ‘खतसाहेब’ ठेवलंय. मागे नव्हे, तोंडावर. त्यांनाही ते आवडतं. नोकरीत सगळी हयात लोक त्यांना साहेब म्हणाले, पण कशाचे साहेब ते कुणी कधी स्पष्ट केलं नव्हतं.

नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या कार्यालयात, पाण्याच्या टेबलावर. भातसा, तानसा, मोडकसागर यांच्या साठ्याचे आकडे रोज सकाळी त्यांच्यासमोर यायचे. भातसा म्हणजे त्यांच्या लेखी एक रकाना होता. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं त्या रकान्यातून जातं. तानसा तर 1892पासून मुंबईची तहान भागवतोय. ज्या शहापूर तालुक्यातून हे सगळं पाणी जातं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, ही माहिती मात्र तक्त्यात बसत नव्हती. धरण उशाला नि कोरड घशाला, असं इथली माणसं म्हणतात. खतसाहेबांना हे निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात समजलं. त्या वेळी त्यांच्या हातात हंडा होता.

निवृत्त माणसाला सकाळी दहा ते साडेपाच हा वेळ खायला उठतो. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या वेळेचं काय करायचं ते त्याला सवयीनं माहीत असतं. खतसाहेबांनी यावर तोडगा काढला. त्यांनी कार्यालय पुन्हा उघडलं. घराच्या मागच्या अंगाला तीन निळी पिंपं मांडली. पहिल्यावर पाटी ‘आवक’, दुसऱ्यावर ‘प्रक्रियाधीन’ आणि तिसऱ्यावर ‘निकाली’. शेजारी खिळ्याला दोरीनं बांधलेली नोंदवही. तिच्यातल्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. ‘केळीची साल, नग चार. चहाचा चोथा, एक वाटी. मेथीचे देठ, एक मूठ. लिंबाची साल नामंजूर. कारण, गांडुळांना आंबट सोसत नाही.’ प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख.

पहिली दोन पिंपं कायम भरलेली आणि ‘निकाली’ रिकामं, ही स्थिती वर्षभर टिकली. कार्यालय म्हटल्यावर त्यात नवल नाही. खरं कारण असं की साहेब दिवसातून तीनदा झाकण उघडून पाहणी करायचे. गांडुळांना उजेड सहन होत नाही. झाकण उघडलं की ती खाली बुडी मारायची आणि काम बंद पडायचं. साहेब फेरीवर निघाले की कर्मचाऱ्यांनी जागेवरून नाहीसं व्हायचं, हा प्रकार त्यांना नोकरीपासून ओळखीचा होता. इथं मेमो देता येत नव्हता, एवढीच अडचण.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. दोन माणसांच्या घरात साली निघून निघून किती निघणार? साहेब कापडी पिशवी घेऊन शेजारच्या मामींकडे गेले.

“मामी, तुमच्याकडचा ओला कचरा मला देत जाल का?”

मामी विचारात पडल्या. साली म्हशीला जातात, उष्टं कोंबड्या खातात, राख भांड्यांना लागते, शेण शेतात जातं.

“वला कचरा मंजे काय ओ साहेब?”

साहेबांनी समजावून सांगितलं.

“तसलं काय नाय आमच्याकं. शांपूच्या पुड्या हाईत लय. देऊ का?”

त्या दिवशी साहेब पुड्या घेऊन परत आले. ‘आवक’ पिंपात त्या चालत नव्हत्या. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली 2018 साली, पण शांपूची पुडी एवढी लहान की तिच्या आड अख्खी अधिसूचना लपते. मामींच्या घरी खरकट्याचा कण वाया जात नाही आणि पुड्यांचा ढीग ओढ्यात जातो. साहेबांच्या घरी शांपूची मोठी बाटली असते आणि सालींचं काय करायचं हा प्रश्न पडतो. दोन्ही घरांच्या मधे कुंपण आहे. पुड्या कुंपणावरून येतात, शेण कुंपणावरून येतं, सल्ला कुंपणावरून जातो.

कच्चा माल शेवटी डोंबिवलीहून आला. मुलाच्या सोसायटीतून भाजीच्या देठांची गोणी भरायची, संध्याकाळच्या कसारा लोकलच्या मालडब्यात चढवायची आणि आसनगावला उतरवायची, अशी व्यवस्था बसली. पहाटे शहापूरची भेंडी डोंबिवलीला जाते आणि तिचे देठ संध्याकाळी शहापूरला माघारी येतात. तज्ज्ञ याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. मालडब्यातले लोक त्याला काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

खतानंतर जीवामृत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांना 2016 साली पद्मश्री मिळाली तेव्हा साहेब नोकरीत होते. कात्रण मात्र त्यांनी तेव्हाच काढून ठेवलं होतं. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, अशी कृती. एका देशी गाईच्या जोरावर तीस एकर शेती होते, असं पाळेकर सांगतात. साहेबांनी गणित मांडलं. तीस एकर म्हणजे बाराशे गुंठे. आपले गुंठे पाच. म्हणजे आपली गरज एक दोनशेचाळिसांश गाय.

एवढी गाय कुठं मिळते याचा शोध घेत ते पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेत गेले. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा गुराढोरांच्या बाजारासाठी लांबवर प्रसिद्ध. तिथं माणसं जनावराचे दात बघतात, वशिंड चाचपतात, चाल बघतात. साहेबांनी वही उघडून विचारलं, “ही रोज शेण किती किलो देते?” व्यापाऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, तुमाला गाय पुढून घ्यायचीय का मागून?”

साहेब यात्रेतून घोंगडी घेऊन परत आले. शेण शेजारच्या मामांकडून मिळू लागलं. मामांनी पैसे घेतले नाहीत, पण साहेबांनी पावती मागितली तेव्हा ते दोन दिवस बोलले नाहीत. पिंपात गूळ आणि बेसन पडताना बघून मामींनी कुंपणावरूनच काकूंना म्हटलं, “एवढं चांगलं पीठ नि गूळ, लाडू तरी करायचं व्हतं.” काकूंनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याही मनात तेच होतं.

काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या हरित वगैरे काही नाहीत. जुन्या साड्यांच्या पिशव्या त्या डोंबिवलीतही शिवत होत्या. त्या वेळी साहेब त्याला चिकटपणा म्हणायचे, आता शाश्वत जीवनशैली म्हणतात. माठातलं पाणी, रिठ्यानं धुतलेल्या रेशमी साड्या, शिळ्या पोळीचा कुस्करा, हे त्यांच्या माहेरचं वळण. बाजारहाट त्याच करतात. 2023च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि साहेबांना पासष्टीपर्यंत पूर्ण. त्यामुळे शहापूरचा बाजार काकूंच्या वाट्याला आणि व्याख्यान साहेबांच्या. बाजारातून काकू येतात त्या भाजीबरोबर सगळ्या पाड्याच्या बातम्या घेऊन. गावात येऊन सहा महिने झाले तेव्हा काकूंना चाळीस घरं नावानिशी माहीत होती. साहेबांना झाडं माहीत होती, तीही लॅटिन नावानिशी.

बाजारातली भाजी म्हणजे पैसे देऊन घेतलेली. साहेबांना ती स्वतः खुडलेली हवी होती. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात. साहेबांना तोवर दम नव्हता. जूनच्या पहिल्या सरीनंतर बांधालगत जांभळट कोंब वर आलेले दिसले. पुस्तकात ताडून बघितलं, शेवळं. साहेबांनी खुडून आणली आणि ही भाजी खत न घालता, पाणी न देता, पेट्रोल न जाळता ताटात येते असं सांगून काकूंपुढे ठेवली. काकूंनी चिरून फोडणीला टाकली. पहिल्या घासाला चव उत्तम. दुसऱ्या घासाला घशात सुया. शेवळांची खाज मारायला काकडाची आंबट फळं लागतात, हे पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं. शहापूरच्या बाजारातल्या ठाकरीण बाया शेवळांच्या जुडीबरोबर काकडाचा वाटा न मागता देतात तो त्यासाठीच. त्या दुपारी दोघंही ताक पीत बसले होते. साहेबांनी नोंदवहीत ‘चव : समाधानकारक’ असं लिहिलं, कारण बोलता येत नव्हतं तरी लिहिता येत होतं.

छपरावर सूर्य. पंतप्रधान सूर्यघर योजना 2024च्या फेब्रुवारीत आली. तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान. साहेबांनी अर्ज भरला तो इतका बिनचूक, की कंत्राटदारानं नमुना म्हणून त्याची झेरॉक्स मागितली. पॅनल बसले. मोबाइलवर दर तासाला किती वीज तयार झाली ते दिसू लागलं. तेव्हापासून साहेब हवामानाकडे माणसासारखे न बघता मीटरसारखे बघतात. ढग आला की “गेलं अर्धं युनिट” म्हणतात. जुलैत त्यांचा चेहरा बघवत नाही. वानरांची टोळी पॅनलवर येऊन बसते तेव्हा ते टाळ्या वाजवत अंगणात धावतात, आणि वानरं पाहुण्यांचं स्वागत व्हावं तशी आरामात बघत राहतात.

वैशाखातल्या एका दुपारी गावची वीज गेली. साहेबांचीही गेली. मामा घाम पुसत कुंपणाशी आले.

“साहेब, ऊन हाय?”

“आहे.”

“पॅनल हाय?”

“आहे ना.”

“मंग पंखा का नाय?”

साहेबांनी समजावलं. ही यंत्रणा महावितरणच्या वाहिनीला जोडलेली असते. वाहिनी बंद पडली की यंत्रणा आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“मंजे वायरमनसाठी पंखा बंद?”

“हो.”

“चांगलंय,” मामा म्हणाले आणि आपल्या घरच्या आंब्याखाली खाट टाकून झोपले. थोड्या वेळानं त्या खाटेशेजारी साहेबांची खुर्ची आली.

मामांशी साहेबांचा मोठा वाद राबावरून झाला. पावसाआधी इथं रोपाच्या जागेवर टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि भाजतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, पावसात रोप तरारून येतं. त्या दिवसांत अख्खं शिवार धुरकट असतं. साहेबांनी धूर बघितला आणि कागद घेऊन मामांकडे गेले. पालापाचोळा जाळणं म्हणजे सोनं जाळणं, वातावरणात कार्बन सोडणं, वगैरे. मामांनी विचारलं, “मंग रोप कशावर काढू?” साहेब तयारीनं आले होते. डॉ. नारायण सावंतांची भाताची चारसूत्री पद्धत त्यांनी मुखपाठ केली होती. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळा, चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडा, आवणी ठरावीक अंतरावर करा, खताच्या गोळ्या चार चुडांच्या मधे खोचा.

“तुसाची राख?” मामांनी विचारलं.

“हो. गिरणीतून तूस आणायचं आणि जाळायचं.”

“मंग त्याचा धूर नाय व्हनार?”

साहेब कागद उलटून बघू लागले. त्या बाजूला काही नव्हतं.

मामांनी राब भाजला तो भाजलाच. पण गिरिपुष्पाची गोष्ट त्यांच्या मनात राहिली, कारण त्या झाडाचं दुसरं नाव उंदीरमारी. कणगीतल्या उंदरांनी ते वैतागले होते. बांधावर त्यांनी ती झाडं लावली ती उंदरांसाठी. उंदरांवर काय परिणाम झाला कळलं नाही, पण पुढच्या पावसात खाली पडलेला पाला आपोआप खाचरात गेला आणि भात पिवळं पडलं नाही. साहेबांनी हा प्रयोग यशस्वी म्हणून नोंदवला. मामांनी नोंदवला नाही, पण पुढच्या वर्षी आणखी फांद्या रोवल्या.

या सगळ्याच्या वर पाणी. ते साहेबांचं मूळ टेबल. या भागात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पडला की एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर धरलं तर वर्षाला अडीच लाख लिटर. साहेबांनी हा आकडा पाहुण्यांना, टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सांगितला. मग पाच हजार लिटरची टाकी बसवली. ती जुलैतल्या एका रात्रीत भरली. उरलेलं पाणी ओसंडून वाहू लागलं आणि साहेब छत्री घेऊन त्याच्याकडे बघत उभे राहिले. फुकट जाणारं पाणी बघून ज्याच्या पोटात कालवतं, तो माणूस कोकणातल्या पावसाळ्यात कसा जगणार?

पुढच्या वर्षी त्यांनी छपराचं पाणी वाळू-खडीतून गाळून बोअरच्या बाजूला जिरवलं. खर्च बराच आला. एप्रिलमध्ये बोअर नेहमीप्रमाणे आटली. पण उताराला असलेल्या मामांच्या विहिरीत मेच्या मध्यापर्यंत पाणी राहिलं. असं पूर्वी होत नव्हतं. खाली काळा कातळ. पाणी भेगेभेगेतून वाट काढत उताराला जातं, मालकाचं नाव विचारत नाही. साहेबांनी जिरवलेलं पाणी मामा शेंदत होते, आणि साहेब कळशी घेऊन त्यांच्या विहिरीवर रांगेत उभे होते. मामांनी मनाचा मोठेपणा दाखवून त्यांना पुढे घेतलं. “तुमी पावने,” म्हणाले.

त्याच मेमध्ये साहेबांनी घरात पाणीवाटपाचं धोरण आणलं. जलजीवन मिशनचा निकष ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर. शहरांसाठी निकष 135. आपण ग्रामीण भागात राहतो, सबब 55. त्यांनी बादल्यांवर रंगानं रेघा मारल्या. पंधरा लिटरच्या जवळजवळ पावणेचार बादल्या म्हणजे एका माणसाचा दिवस. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मुंबईहून मुलगी आणि जावई आले. जावयानं सकाळच्या आंघोळीतच दिवसाचा कोटा संपवला आणि आतून आणखी एक बादली मागितली. साहेबांनी बाहेरून निकष वाचून दाखवायला सुरुवात केली. काकूंनी दोन बादल्या उचलून दाराशी ठेवल्या.

“अहो, 55 ठरलंय ना?”

“ते आपल्याला. जावई महापालिका हद्दीतला आहे,” काकू म्हणाल्या. “त्याला 135 मंजूर.”

साहेबांना यावर बोलता आलं नाही. सारी नोकरी त्यांनी हेच तत्त्व राबवलं होतं.

माणूस इथवर आला की दोन गोष्टी होतात. काहीजण प्लॉट विकायला काढतात आणि पुन्हा डोंबिवलीच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. काही टिकतात. खतसाहेब टिकले, आणि ते पिंपांमुळे नव्हे. ‘निकाली’ पिंपात अखेर खत तयार झालं, पण ते फार तर चार कुंड्यांपुरतं.

झालं असं की त्यांच्या पॅनलचं बिल पाड्यात बघितलं गेलं. बिल उणे आलं होतं. मामांच्या धाकट्यानं विचारलं, आम्हाला बसेल का? साहेबांनी कागद मागवले. मामांच्या घरचं मीटर अजून त्यांच्या आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. बिल नियमित येत होतं आणि भरलंही जात होतं. घरोघर तीच कथा. कुणाचं मीटर चुलत्याच्या नावावर, कुणाचं मुंबईला गेलेल्या भावाच्या, कुणाचं नाव बिलावर एक आणि आधारवर दुसरं. एखादा दुसरा माणूस हे बघून हात टेकेल. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके अपूर्ण कागद त्यांनी निवृत्तीनंतर एकत्र पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात गर्दी होऊ लागली. मृत्यूचे दाखले, वारसांची संमती, नाव बदलाचे अर्ज, बँकेचं पासबुक. साहेब प्रत्येकाला विचारत, “झेरॉक्स किती काढल्या?” “एक.” “तीन काढा. एक ते हरवतात, एक तुम्ही हरवता.” ‘आवक’, ‘प्रक्रियाधीन’, ‘निकाली’ या पाट्या पिंपांवरून निघून फायलींवर चिकटल्या. पिंपं कुणी उघडेना, त्यामुळे गांडुळांनाही निवांत काम करता येऊ लागलं आणि खत भराभर तयार होऊ लागलं. पाड्यातल्या काही छपरांवर एक-एक किलोवॉटचे पॅनल चढले. मामींच्या घरी उन्हाळ्यात दोन पंखे फिरू लागले. मामींनी त्याचं श्रेय सूर्याला दिलं, पण डब्यातून आंबोळ्या साहेबांना पाठवल्या. शांपूच्या पुड्या त्या आता वेगळ्या पिशवीत साठवतात, साहेब मागतात म्हणून.

विजेचं झालं तशी माणसं पाण्याचं घेऊन आली. पाड्याची पाण्याची टाकी गळत होती. नळाला पाणी येण्याआधीच ते टाकीखालच्या चिखलात संपायचं. म्हशी तिथं बसायच्या. गावकऱ्यांनी तोंडी सांगून पाहिलं होतं, वर्षानुवर्षं. साहेब टाकीभोवती फिरले, गळती मोजली, मापाची बादली लावून मिनिटाला किती लिटर जातं ते काढलं, त्याला चोवीस तासांनी गुणलं आणि वाया जाणाऱ्या पाण्यात माणशी 55 लिटरप्रमाणे किती माणसं पाणी पितील ते लिहिलं. सोबत नकाशा, फोटो, पाड्याच्या सह्या आणि तीन अंगठे. अर्ज संबंधित कार्यालयात गेला, पोच घेतली गेली. साहेबांनी पोच घडी घालून खिशात ठेवली आणि मग कितीतरी दिवस खिसा चाचपून बघितला.

आषाढात उत्तर आलं. सगळा पाडा देवळाच्या ओट्यावर जमला. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज पुढील आवश्यक त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात येत आहे.’

माणसांचे चेहरे उतरले. साहेब मात्र ते वाक्य पुन्हा वाचत होते, या वेळी मनातल्या मनात.

“मसुदा उत्तम आहे,” ते म्हणाले.

“मंजे टाकीचं काम व्हनार?” मामांनी विचारलं.

“छे. याचा अर्थ काहीच होत नाही. नोकरीभर मी हेच वाक्य लिहिलंय. हे लिहिणाऱ्याला अर्ज कुठं पाठवायचा ते ठाऊक नसतं, म्हणून तो ‘वर्ग’ करतो.”

“मंग आता?”

“आता स्मरणपत्र. पहिल्याला कुणी विचारत नाही. दुसरं फाइलला लागतं. तिसऱ्याला मात्र माणूस घाबरतो.”

“तुमाला कसं ठाव?”

साहेब काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, “तिसरं आलं की जेवायचे नाहीत रात्री.”

तिसरं स्मरणपत्र त्याच दिवशी गेलं. पहिली दोन मागाहून पाठवायची ठरली.